निकम मॅडमच्या पाच रेवड्या

निकम मॅडमवर लिहायला बसले, चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. पुन्हा चार लिहिल्या, पुन्हा खोडल्या. कारण पेन टेकवलं की कानाशी तो कोरडा आवाज येतो, "शुभांगी, सार सांग." बाई निवृत्त झाल्या, लखनौ सोडून गेल्या, मी त्यांच्या हाताखालची राहिले नाही, तरी ही कटकट काही संपत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. मॅडम, मी हे लांबच लिहिणार आहे. ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही शेवटची दोन वर्षं आतल्या आत तडफडलात, मुलीने आपल्याशी पुन्हा मोकळं बोलावं म्हणून, ती गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाहीच.

मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे माणूस कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गेला तरी आल्यावर त्याची कहाणी सांगतो. नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली आणि गोमती नगरातल्या एका शाळेत मला सहावी-सातवीला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. वाटलं, चला, बोलणाऱ्यांच्या गावात आलो, आपलं जमेल. इथे भाजीवालासुद्धा भाव सांगायच्या आधी घरच्यांची तब्येत विचारतो. पण आमच्या भाषा विभागाच्या प्रमुख होत्या वत्सला निकम, मूळच्या धुळ्याच्या. नवरा हवाई दलात, लखनौजवळच्या बख्शी का तालाबला बरीच वर्षं होता. निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहिले. बाई हिंदी शिकवायच्या. अख्ख्या शहरात कोणाचंही बोलणं पुरं ऐकून न घेणारी अशी ही एकच बाई असावी, आणि नेमकी तीच माझ्या नशिबी आली.

पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. मी धापा टाकत त्यांच्या टेबलापाशी गेले.

"अहो मॅडम, काय झालं, घरातून मी वेळेतच निघाले होते, पण ई-रिक्षावाले भैया म्हणाले पुढे रस्ता खोदलाय, म्हणून त्यांनी मागच्या गल्लीतून घेतलं, तर तिथे सिलिंडरची गाडी आडवी, मग त्यांनी उतरून त्या गाडीवाल्याशी..."

बाई घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. त्यांनी मनगट उलटं करून बघितलं.

"सार?"

"काय?"

"सार सांग."

"उशीर झाला."

"हां. हे आधी सांगितलं असतंस तर आत्ता वर्गात असतीस."

लखनौत मराठी बोलणारं माणूस भेटणार म्हणून मी आदल्या रात्री आईला फोन करून कौतुकाने सांगितलं होतं. ते सगळं कौतुक त्या टेबलापाशीच गळून पडलं.

चणीने लहानखुऱ्या, सुती साडी, पदर पिनने घट्ट लावलेला. चालणं भराभर, खाणं भराभर. टेबलावर तीनच वस्तू. लाल पेन, मुलगी मृणाल शाळेच्या गणवेशात उभी आहे असा एक जुना फोटो, आणि रेवड्यांची काचेची बरणी. मृणाल आता मोठी होऊन बंगळूरला नोकरीला होती. तिचा विषय निघाला की बाई एखादी वही पुढे ओढायच्या, मग समोरच्याने गप्प बसायचं.

आता त्या बरणीबद्दल सांगायलाच हवं. दर गुरुवारी सहावीला त्यांचा गोष्टीचं सार सांगायचा तास असायचा. लिहायचं नाही, आधी तोंडी. मुलांनी गोष्ट घरून वाचून यायची. एकाने उभं राहायचं. समोर खुर्चीवर रामकली, म्हणजे आमच्या शाळेची आया. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मॅडमना परीक्षक म्हणून नेमकी तीच हवी होती. मुलाच्या नावाने टेबलावर पाच रेवड्या मांडल्या जायच्या. सांगताना मूल जितक्या वेळा "फिर" म्हणेल तितक्या रेवड्या मॅडम उचलणार आणि मुलाच्या देखत खाणार. उरतील त्या त्याच्या. "फिर, फिर, फिर," त्या म्हणायच्या, "फिर म्हणणाऱ्याने काही निवडलेलंच नसतं. जे दिसलं ते पोत्यात भरलं."

पण रेवड्या वाचल्या म्हणजे झालं असं नाही. शेवटी रामकलीचा निकाल. ती जांभई देईल तर सार लांब. "फिर का हुआ?" विचारेल तर अर्धवट. "समझ गए" म्हणाली तर पास. मी हा तास पहिल्यांदा बघितला तेव्हा मला बाईंचा भयंकर राग आला होता. अकरा वर्षांची पोरं, गोष्ट सांगताना त्यांचे डोळे चमकताहेत आणि ही बाई त्यांच्या तोंडासमोर कडाकडा रेवड्या फोडतेय!

एकदा ज़ोया नावाच्या मुलीने फोनवरून सार करून आणलं. फोनमध्ये गोष्ट घातली की आता सार आयतं मिळतं, सगळ्याच पोरांना ठाऊक आहे. गोष्ट होती एका म्हाताऱ्या कुंभारणीची, जी आपली सगळ्यात देखणी सुरई कितीही भाव आला तरी विकत नाही. ज़ोयाने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. एकही "फिर" नाही. पाचही रेवड्या शाबूत. ती हात पुढे करणार तेवढ्यात रामकलीने विचारलं, "तो बिटिया, बुढ़िया सुराही बेची काहे नहीं?"

ज़ोयाने गोष्ट वाचलीच नव्हती.

"बेटा, कहानी तो फ़ोन ने पढ़ी है," मॅडम म्हणाल्या. "रेवड़ियाँ भी उसी को दे दें?"

पोरगी रडत घरी गेली. मी स्टाफरूममध्ये वाद घातला की जरा प्रेमाने सांगता आलं असतं. बाईंनी वर न बघता विचारलं, "किती वाक्यात?"

पालकांशीही हाच खाक्या. मी समोर बसले असताना एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. अतिशय सभ्य माणूस. नमनालाच घडाभर तेल. "देखिए मैडम, बात दरअसल यूँ है कि हमारे यहाँ ज़बान का शौक़ तीन पुश्तों से चला आता है। हमारे दादाजी के पास लोग दूर-दूर से ख़त लिखवाने आते थे। वालिद साहब का भी यह हाल था कि..." मी अगदी रंगून ऐकत होते. आजोबांचं पुढे काय झालं ते मला मनापासून हवं होतं.

"भाई साहब, आप आए किसलिए हैं?"

ते दचकले. "जी, बेटे के नंबर बहुत कम आए हैं।"

"कहानी तीन पन्ने की थी। आपके साहबज़ादे ने उसका सार चार पन्ने में लिखा है।"

गृहस्थ उठले. दारापाशी पुटपुटले, "अब मराठी औरतें लखनऊ को हिंदी सिखाएँगी।" मी शरमेने लाल झाले. बाई मात्र खूश. मला म्हणाल्या, "बघ, किती नेटकं बोलला. हेच आल्या आल्या म्हणाला असता तर मी चहा पाजला असता."

अशा बाईसमोर काय बोलणार? मी दोन वर्षं बोलण्याचं पथ्यच पाळलं. पण मग साताऱ्याहून फोन आला, वडिलांना दवाखान्यात ठेवलंय. मी सुन्न होऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सवयीने सुरुवातीपासून सुरू केलं. की गेल्या आठवड्यापासून त्यांना बरं वाटत नव्हतं, आई म्हणत होती डॉक्टरांना दाखवा, पण ते कुणाचं ऐकतात थोडंच...

"सार?"

माझं डोकं फिरलं. "माझे वडील मरायला टेकलेत!"

"जा," त्या म्हणाल्या. "आजचंच तिकीट काढ. तुझे तास मी घेते."

आणि घेतले. पंधरा दिवस माझे सगळे तास, वर माझ्या वह्या तपासून ठेवल्या, वर प्राचार्यांशी भांडून माझी रजा भरपगारी करून घेतली. वडील वाचले. मी परत आले, आभार मानायला गेले, आणि खरं तर त्या पंधरा दिवसांत जे जे झालं ते कोणापाशी तरी बोलायला गेले होते. दवाखान्यात वडिलांनी माझा हात धरून काय म्हटलं, आई कशी वागली, सगळं घशाशी आलं होतं.

"बरे आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो, पण मॅडम, तिसऱ्या दिवशी ना..."

"बरे आहेत ना? मग बास."

आता मात्र माझा तोल सुटला. हे माणूस दुसऱ्यासाठी राबायला एका पायावर तयार, पण कान द्यायचं नाव नाही! मी म्हटलं, "तुमच्याशी तुमच्या घरचं तरी कोणी बोलतं का हो, मॅडम?"

तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मुलगी दोन वर्षं घरी आलेली नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी. चहा घे, गार होतोय."

तीन वाक्यं. मी चहा घेतला. आणखी काय करणार होते?

त्यानंतर त्यांनी एकदाच फोन पुढे करून मला मृणालचे निरोप दाखवले. दर रविवारी सकाळी दहाला एक. "तब्येत ठीक. काम ठीक. जेवते वेळेवर." वर सरकवत गेले तर सगळे तेच. बाईंनी फोन केला की ती म्हणायची मीटिंग आहे, नंतर करते. नंतर कधीच यायचं नाही. यायचा तो रविवारचा निरोप.

"एक शब्द काढता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "शंभरपैकी शंभर द्यावेत असं सार आहे. मीच शिकवलंय."

"आणि तुम्ही काय लिहिता तिला?"

त्यांनी दाखवलं. "चुकले. ये."

मी कपाळाला हात लावला. "अहो, ही काय तार आहे? असं कोणी येतं का? नीट लिहा, लांब लिहा!"

"लांब येत नाही मला," त्या म्हणाल्या आणि वही ओढली.

त्याच वर्षी हिवाळ्यात व्हॅनचा प्रकार झाला. मुलांना घरी सोडणारी एक व्हॅन फैज़ाबाद रोडवर चिनहटच्या वळणापाशी थांबली, कारण ड्रायव्हर स्टिअरिंगवरच कोसळला. शाळेच्या ऑफिसात त्याच्याच मोबाइलवरून फोन आला. फोन नेमका मी उचलला.

"मैम, ज़ोया, सेवन बी। वैन चिनहट मोड़ पर किनारे खड़ी है। ड्राइवर भैया बेहोश हैं, साँस चल रही है। हम नौ बच्चे हैं, सब अंदर बैठे हैं।"

एवढंच. ना रडणं, ना आरडाओरडा. विचारायला एक प्रश्न उरला नव्हता. आम्ही लगेच अॅम्ब्युलन्स पाठवली, माणसं पाठवली. ड्रायव्हर वाचला, मुलं सुखरूप घरी गेली. मी त्या पोरीच्या जागी असते तर सकाळी नाश्त्याला काय होतं तिथून सुरुवात केली असती आणि भैया बिचारा तोवर... जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ज़ोयाला बोलावलं आणि बरणीच तिच्या पुढ्यात उपडी केली. तिच्या ओंजळीत मावेनात इतक्या रेवड्या. मला वाईट वाटलं ते एवढंच, की ही पोरगी हे शिकली ते बरोबरच होतं आणि मी इतकी वर्षं बाईंना मनातल्या मनात घातलेल्या शिव्या काही सगळ्या मागे घेता येत नव्हत्या.

ज़ोया गेल्यावर बाई रिकामी बरणी हातात धरून बसल्या. मग जे म्हणाल्या ते ऐकून मी उडालेच.

"शुभांगी, तुला पाल्हाळ येतं. मला शिकव."

थट्टा नव्हती ती. त्यांना मृणालला पत्र लिहायचं होतं आणि दोन ओळींच्या पुढे पेन सरकत नव्हतं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी अट घातली, नियम माझे. नवीन रेवड्या आणल्या. रोज शेवटच्या रिकाम्या तासाला अंगणातल्या उन्हात आम्ही बसायचो. मी प्रश्न विचारायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, आणि त्या जितक्या वेळा "याचा काय संबंध" म्हणतील तितक्या रेवड्या मी खायच्या. महिन्याभरात माझ्या ब्लाउजांची शिलाई उसवावी लागली.

"ज्या दिवशी बिनसलं तो वार कोणता?"

"याचा काय संबंध?"

मी रेवडी उचलली.

"गुरुवार."

"तुम्ही कुठे बसला होतात?"

"जेवणाच्या टेबलापाशी. सहामाहीच्या वह्या तपासत."

"गॅसवर काय होतं?"

"याचा काय..." त्या माझ्या हाताकडे बघून थांबल्या. "खिचडी. यांचं पोट बिघडलं होतं."

"फोनवर मृणाल काय म्हणाली? तिचेच शब्द सांगा."

"म्हणाली, 'आई, तुला आठवतं का, मागच्या दिवाळीत आम्ही आलो होतो, तेव्हा मी गच्चीवर एकटीच जाऊन बसले होते, मग तू...'" बाई थांबल्या.

"मग?"

"मग मी म्हटलं, सार सांग, चाळीस वह्या उरल्यात."

"मग?"

"मग ती म्हणाली, काही नाही, सगळं ठीक आहे. मी पुढची वही ओढली."

चार महिन्यांनी नाशिकच्या धाकट्या बहिणीकडून त्यांना कळलं की मृणाल आणि तिचा नवरा वेगळे झालेत आणि ती एकटी भाड्याच्या खोलीत राहते. मावशीला सगळं माहीत होतं. त्या गुरुवारी आईकडे दार उघडलं नाही म्हणून पोरगी मावशीपाशी मोकळी झाली होती. हे सांगताना मॅडम ताठ बसल्या होत्या. मीच रडले. रडता रडता चिडलेही, कारण हे सगळं काढून घ्यायला मला तेरा दिवस आणि पाऊण किलो रेवड्या लागल्या होत्या.

आणखीही निघालं. ही बरणी मुळात शाळेची नव्हतीच, घरची होती. मृणाल लहानपणी शाळेतून आली की दप्तर न काढता सांगायला लागायची, मग बाई हे म्हणाल्या, मग आम्ही तिकडे गेलो, मग ती पडली. मॅडम बोटं वर करून "मग" मोजायच्या आणि पाचातून एकेक रेवडी कमी करायच्या. पोरगी हुशार. दुसरीत असतानाच पाचही रेवड्या जिंकायला लागली.

"मग?" मी विचारलं.

"मग तिला रेवडी आवडेनाशी झाली. बरणी नुसतीच पडून होती, म्हणून शाळेत आणली."

पत्र त्यांनी तीन रविवार बसून घरी लिहिलं. साडेअकरा पानं. माझ्यापुढे टाकून म्हणाल्या, "तपास." मी लाल पेन घेऊन बसले आणि एक काना काढावासा वाटला नाही. सगळं पत्र इथे सांगणार नाही, ते माझं नाही. एक जागा मात्र विसरता येत नाही. बाईंनी लिहिलं होतं: "त्या संध्याकाळी माझ्या हातात कुणा मुलाची वही होती आणि त्यात कोणती गोष्ट होती ते मला अजून आठवतं. तुझी गोष्ट काय होती ते माहीत नाही. मी ती ऐकलीच नाही. तू गच्चीवर एकटी का बसली होतीस ते मला कळायला हवं होतं, आणि मी तुला ते थोडक्यात विचारलं."

मी म्हटलं, फोटो काढून आत्ताच्या आत्ता पाठवा. त्या नाही म्हणाल्या. टपालाने जाऊ दे, पाकीट हाताला जाड लागलं पाहिजे.

गेलं पाकीट. आठवडा गेला, दुसरा गेला. रविवारी दहा वाजता: "तब्येत ठीक. काम ठीक. जेवते वेळेवर." मला त्या न बघितलेल्या पोरीचा असा संताप आला! आईवरच गेलीय कार्टी, दुसरं काय. सोमवारी सकाळी मी मॅडमकडे बघून भुवई उंचावायची, त्या मान हलवायच्या, झालं. तिसऱ्या सोमवारी मात्र त्यांनी मला जिन्यातच गाठलं आणि फोन समोर धरला. तीच तिन्ही वाक्यं, आणि शेवटी, "पत्र मिळालं."

"चार वाक्यं आहेत," बाई म्हणाल्या.

मोजलेली होती, अर्थात.

त्यापुढचे सगळे रविवार पुन्हा तीन वाक्यांचे. मार्च संपत आला. निरोप समारंभ ठरला. प्राचार्य तब्बल पंचवीस मिनिटं बोलले आणि त्यात मॅडमचं नाव दोनदा आलं. मॅडम मनगट उलटं करून बघत होत्या ते सगळ्या हॉलने पाहिलं. मग त्या उठल्या. "इक्कीस साल पढ़ाया। अच्छा लगा। बच्चों को सबसे ज़्यादा रामकली ने पढ़ाया। नमस्ते।" आणि बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही तेच कुणाला समजेना. रामकली मागे दाराशी उभी होती, ती पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. मी ठरवून टाकलं होतं, आज काही या बाईसाठी रडायचं नाही, इतकी वर्षं छळलंय. तेही जमलं नाही.

समोशांच्या ताटल्या फिरत असताना मॅडमचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि ताटली माझ्या हातात दिली, दिली म्हणजे कोंबलीच, आणि बाहेर गेल्या. मंगळवार होता. रविवार नव्हता.

अर्ध्या तासाने शाळेची गाडी फाटकाशी लागली. त्यांना बख्शी का तालाबला घरी सोडायचं होतं. शाल, नारळ, फुलं सगळं गाडीत ठेवून झालं. मॅडमचा पत्ता नाही. प्राचार्य दोनदा घड्याळ बघून आत गेले. मी शोधत शोधत प्रयोगशाळेच्या मागे गेले. तिथल्या पायऱ्यांवर बाई बसल्या होत्या. चप्पल काढून, पिन निघालेला पदर मांडीवर घेऊन, बरणी शेजारी. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून बरणीच्या झाकणावर ठेवलं होतं. पलीकडून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. भरभर, अडखळत, मध्येच हुंदका, पुन्हा भरभर. कोणीतरी फार मागून सुरुवात केली होती.

रामकली माझ्या मागून आली. "मैडम जी, गाड़ी खड़ी है। का हुआ?"

मला केवढं सांगायचं होतं. तो गुरुवार, ती खिचडी, त्या चाळीस वह्या, ते साडेअकरा पानांचं पाकीट. माझ्या तोंडून मात्र एवढंच आलं:

"बिटिया का फ़ोन है।"

रामकलीने पायऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"समझ गए," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायला फाटकाकडे गेली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. हात चिकट झाले होते, त्यांचा समोसा अजून माझ्याच हातात होता. पायऱ्यांवर ऊन सरकत सरकत त्यांच्या पावलांपाशी आलं, तरी बाई हलल्या नाहीत. पलीकडचा आवाज मध्येच थांबायचा, आपण फार लांबवतोय का असं वाटून थांबावं तसा. आणि दर वेळी निकम मॅडम फोनवर वाकून म्हणायच्या,

"बरं. मग?"